मदत हवी आहे: जुन्या इंद्रजाल अंकांची आणि १९६५ च्या एका स्पायडरमॅनची दुरुस्ती, संग्राहकांना किती चालते?

पिवळं_पान:
नमस्कार मंडळी. मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा एक छोटा गठ्ठा आहे, साठच्या दशकाच्या शेवटापासून सत्तरच्या दशकापर्यंतचा. बहुतेक वेताळ (म्हणजे फँटम), दोन जादूगार मँड्रेक. सोबत 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा २८ वा अंक (सप्टेंबर १९६५, काळं कव्हर). काही विकायचे आहेत, काही ठेवायचे. अवस्था अशी:

१) एका वेताळाचं कव्हर पिनांतून सुटलंय, खालून साधारण ४ सेंमी फाटलंय. पिना गंजल्यात.
२) दोन अंकांना आतून सेलोटेप, तपकिरी पडलेली.
३) तीन अंक बाइंड केलेल्या गठ्ठ्यातून सोडवलेले. तिन्ही बाजू कापलेल्या, लायब्ररीचा शिक्का.
४) स्पायडरमॅनच्या कण्यावर (कव्हरची घडीची, पिनांची कड) काळ्या मार्करने रंग भरल्याचा संशय.

विकण्याआधी यातलं काय दुरुस्त करावं, आणि कशाला हात लावला की गिऱ्हाईक पळतं?

वेताळटेकडी:
आधी इंद्रजालपुरतं. 'किती दुरुस्ती' यापेक्षा 'कसली दुरुस्ती' हे इथे जास्त बघतात. उलटवता येते, अंकात खोटं काही भरत नाही आणि विकताना सांगितली आहे, अशी दुरुस्ती जवळपास सगळे जाणते खपवून घेतात. रंग भरणं आणि कातरणं मात्र कोणी माफ करत नाही. रंग कागदात मुरतो आणि कापलेली कड परत येत नाही.

इंद्रजाल घेणारा सगळ्यात आधी अंक पूर्ण आहे का ते बघतो. पिना सैल झाल्या की मधलं दुपानी पान निसटतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पानं मोजा, गोष्टीचा सांधा कुठे तुटतो का ते वाचून बघा. मग कव्हर मूळचं आहे का ते. रंगीत झेरॉक्स कव्हर चढवलेले अंक बाजारात बरेच फिरतात. दहापट भिंगाखाली ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक रचनेत, फुलासारखे दिसतात. लेझर प्रतीत टोनरची भुकटी कागदाच्या वर बसलेली दिसते आणि तिरप्या उजेडात चमकते. तसं कव्हर असेल तर 'वाचनप्रत' म्हणूनच विका.

तुमचे बाइंडिंगवाले तीन अंक आहेत तसे विका. मूळ मापाशी जुळवायला कड जोडणं वगैरे वेडेपणा करू नका. आपल्याकडे त्या काळातले बरेच अंक बाइंडरच्या कटिंग मशीनखालून गेलेले असतात, घेणाऱ्याला ते ठाऊक असतं. वरच्या कापात नाव किंवा किंमत छाटली गेली असेल तर तेवढं स्पष्ट लिहा. शिवणीची भोकं बुजवू नका.

आणि लॅमिनेशन? नाव काढू नका.

निळं_लेबल:
स्पायडरमॅन २८ चं गणित वेगळं, कारण तो अमेरिकी बाजारात विकला जाणार आणि तिथे सीजीसीचं लेबल बोलतं. सीजीसी ही फ्लोरिडातली कंपनी, २००० सालापासून अंक तपासून, अवस्थेप्रमाणे ग्रेड देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद करते. निळं लेबल म्हणजे दुरुस्ती न केलेला अंक, जांभळं म्हणजे रिस्टोर्ड, दुरुस्ती केलेला. जांभळ्यावर दर्जासाठी ए, बी, सी आणि प्रमाणासाठी १ ते ५ असे आकडे असतात. सी म्हणजे हौशी हात. मार्कर याच खात्यात जातो.

या अंकाचं कव्हर जवळपास पूर्ण काळं, त्यामुळे कण्यावरची बारीकशी घडीही पांढरी रेघ होऊन डोळ्यात भरते. म्हणूनच याच्यावर मार्कर चालवलेला फार आढळतो. तपासायचं असं:

– कव्हर उघडून आतल्या पांढऱ्या बाजूला कण्याजवळ बघा. मार्करची शाई कागदातून झिरपून निळसर-जांभळट डाग पडतो.
– भिंगाखाली घडीचे तंतू बघा. खऱ्या घडीत शाई उडून तंतू पांढरे दिसतात. तंतूच काळे असतील तर वरून रंग दिलाय.
– ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च अंधाऱ्या खोलीत मारा. छापील काळा आणि मार्करचा काळा बऱ्याचदा वेगळे दिसतात. नाही दिसले म्हणजे अंक स्वच्छ, असं मात्र नाही.

रंग सापडला तर स्वतः स्पिरिट लावायला जाऊ नका. मार्करबरोबर छपाईची शाई आणि कव्हरची चकाकीही जाते, आणि विरघळलेला रंग तंतूंत आणखी खोल जातो. रंग थोडा असेल तर व्यावसायिक दुरुस्तीकार तो काढतात किंवा रंगलेले तंतू खरवडून टाकतात. मग अंक खालच्या ग्रेडवर का होईना, निळ्या लेबलात येऊ शकतो. साठच्या दशकातल्या, मुबलक सापडणाऱ्या मार्व्हल अंकाला जांभळं लेबल लागलं की भाव अनेकदा निम्म्याच्याही खाली जातो. १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स १' सारख्या दुर्मिळ अंकाला रिस्टोर्ड अवस्थेतही गिऱ्हाईक असतं, कारण पर्यायच नसतो. २८ व्या अंकाला पर्याय भरपूर.

कोरडं प्रेसिंग (दाबाखाली अंक सपाट करणं) आणि कोरडी स्वच्छता सीजीसी दुरुस्तीत धरत नाही. सेलोटेपही नाही, तो नुसता दोष म्हणून ग्रेड खाली आणतो. म्हणजे चिकटपट्टी मारलेल्या अंकाला निळं लेबल मिळतं आणि जपानी कागदाने नीट सांधलेल्याला नाही! मधला मार्ग म्हणून 'कन्झर्व्ड' लेबल आलं. फाट सांधणं, आधार देणं, पिना बदलणं असली कामं योग्य साहित्याने केलेली असतील तर ते मिळतं.

कागदवाली:
फाटलेल्या कव्हराबद्दल. ते सांधा. उघडी फाट प्रत्येक हाताळणीला वाढते. पण फेव्हिकॉल नको, डिंक नको आणि घरची मैद्याची खळही नको. पांढरा गोंद सुकल्यावर पुन्हा धड सुटत नाही. मैद्यातलं ग्लुटेन पिवळं पडतं, त्याला कसरही लागते. बाइंडर खळीत मोरचूद घालतात. कीड लागत नाही हे खरं, पण तांबं कागद सडवतं.

लागतं ते हे: गव्हाचा शुद्ध स्टार्च (मैदा नव्हे) आणि कोझो (तुतीच्या जातीचं झाड) तंतूंचा जपानी कागद. आतल्या पानांना ५ ते ९ जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), कव्हरला १० ते १२.

खळ: मापाने १ भाग स्टार्च, ४ भाग डिस्टिल्ड पाणी. अर्धा तास भिजू द्या. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळा, पांढरेपणा जाऊन अर्धपारदर्शक होईपर्यंत. गार झाली की बारीक गाळणीतून दोनदा दाबून काढा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकायची. खटाटोप नको असेल तर मिथाइल सेल्युलोज (पाण्यात फुगवून वापरायची गोंदाची पूड), १०० मिली पाण्यात ४ ग्रॅम, रात्रभर फुगवून. पकड कमी पण पातळ पानांना पुरते.

आधी शाईची चाचणी. कापसाची काडी जेमतेम ओली करून लाल आणि निळ्या भागाच्या कोपऱ्यावर टेकवा. रंग उतरला तर थांबा.

जपानी कागदाची पट्टी कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशने रेघ मारून फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि पुढून उठाव दिसत नाही. रुंदी ५–६ मिमी. फाटीचे दोन्ही ओठ आधी कोरडेच जुळवून बघा. कुठली कड कुठे चढते ते इथेच कळतं, उलटी चढवली की चित्रात पांढरी रेघ राहते. खळ पट्टीला लावा, कव्हरला नाही, आणि तीही घट्ट. पातळ खळीतलं पाणी पसरलं की जुन्या कागदातला मळ कडेला ढकलला जातो आणि तपकिरी किनारीचा डाग कायमचा बसतो. पट्टी आतल्या बाजूने बसवा, वर-खाली न विणलेलं पॉलिएस्टर, मग ब्लॉटिंग पेपर, काच, त्यावर २ किलो वजन. पंधरा मिनिटांनी ब्लॉटिंग बदला, नंतर रात्रभर तसंच. पावसाळ्यात हे काम काढू नका, काही सुकत नाही.

सेलोटेप: तपकिरी पडलेली असेल तर वरचा प्लास्टिक थर बहुधा आपोआप निघायला आलेला असतो. पातळ बोथट पात्याने उचलला तर निघतो. डाग राहणारच, गोंद तंतूंत मुरलाय. अ‍ॅसिटोनने तो पसरतो आणि लाल शाई वाहते. विकायच्या अंकांना हात न लावणं उत्तम.

पिना: बदला. लोखंडाचे क्षार कागद जाळतात, गंजाभोवतीच्या तपकिरी भागाचं हळूहळू भोक होतं. मधल्या पानावर पिनेचे पाय पातळ पात्याने सरळ करायचे आणि मग कण्याच्या बाजूने उचलायचं. पक्कडीने ओढलं तर भोकं फाटतात. नवी पिन स्टेनलेस स्टीलची, जुन्याच भोकांतून, हाताने वाकवून. स्टेपलर मारला की आणखी दोन भोकं.

वेताळटेकडी:
कागदवाली ताई, पिनांवर जरा असहमत. ठेवायच्या अंकाला बदला, जरूर. पण विकायच्या इंद्रजालला चकचकीत नवी पिन दिसली की जाणता माणूस पहिला संशय घेतो, की दोन फाटक्या प्रतींतून एक केलीय. गंज नुसता काळपट आणि कोरडा असेल, बोट लावून लाल भुकटी निघत नसेल, तर राहू द्या. भुकटी निघत असेल तर बदला, आणि जुन्या पिना छोट्या पाकिटात घालून अंकासोबत द्या. तो पुरावा आहे.

कागदवाली:
पाकिटाची कल्पना मान्य. 'कोरडा गंज' मात्र कोकणात आणि मुंबईत जूनपर्यंतच कोरडा असतो.

पिवळं_पान:
खूप आभार सगळ्यांचे. आतल्या कव्हरवर उजेडात निळसर डाग दिसला, म्हणजे मार्कर नक्की. दोन शंका. इंद्रजालच्या मुडपलेल्या कव्हरांवर मंद इस्त्री चालेल का? आणि जाहिरातीत दुरुस्ती लिहायची कशी?

निळं_लेबल:
इस्त्री नको. घरगुती इस्त्री मंदवरही १०० अंशांच्या आसपास वर-खाली होत राहते. व्यावसायिक प्रेसिंगला ताप साधारण ६५ ते ९० अंश ठेवतात, आधी मोजून दमटपणा देतात आणि अंक दाबाखालीच गार होऊ देतात. इस्त्रीने चकाकी उडते, समोरच्या पानाची शाई चिकटते, आणि आतली वर्तमानपत्री पानं कव्हरपेक्षा वेगळी ताणून कण्याजवळ लाटा येतात. त्यापेक्षा ब्लॉटिंगमध्ये ठेवून वर सपाट फळी आणि ५–६ किलो वजन, दोन आठवडे, कोरड्या हवेत. जोरदार घडी जाणार नाही, कारण तिथे तंतू तुटलेले असतात. नुसता मुडपलेपणा जातो.

स्पायडरमॅन विकताना 'कण्यावर काळा रंग, आतून झिरपलेला दिसतो' असं लिहा आणि त्या निळसर डागाचाच फोटो टाका. काढून घ्यायचा की नाही ते घेणारा ठरवेल.

वेताळटेकडी:
इंद्रजालसाठी नमुना देतो, गरजेप्रमाणे बदला: 'कव्हर मूळ. खालून ४ सेंमी फाट, आतून जपानी कागद व गव्हाच्या स्टार्चने सांधलेली. दोन्ही पिना बदललेल्या, जुन्या सोबत. रंग भरलेला नाही. कड कापलेली नाही. सर्व पानं मोजलेली.' सोबत फोटो पाच: पुढचं कव्हर, मागचं, मधलं पान पिनांसकट, दुरुस्ती आतून, आणि कणा तिरप्या उजेडात. बाइंडिंगवाल्यांसाठी 'कड कापलेली नाही' ही ओळ काढायला विसरू नका, आणि शिक्क्याचा फोटो आवर्जून टाका. शिक्का खोडरबरने घासून फिकट केलेला अंक शिक्क्यासकट असलेल्यापेक्षा कमी भावाला जातो.