मदत हवी आहे: जुन्या विंडोज एक्सपी मशीनची हार्ड डिस्क व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवायचीय, निळा स्क्रीन येतोय

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रॉब्लेम कळायचा नाही.

आमचं कराडला छोटं प्रेस होतं, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल वगैरे. २००४ ला पप्पांनी डीटीपीसाठी असेम्बल करून घेतलेलं पेंटियम ४ चं मशीन, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची आयडीई डिस्क (जुन्या रुंद पट्टीच्या केबलची), त्यावर एक्सपी आणि पानं मांडायचं पेजमेकर ७. प्रेस बंद झालं, मशीन माळ्यावर गेलं. गेल्या महिन्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं, त्यांच्या घराण्याची वंशावळ तेव्हा आम्हीच करून दिली होती, आता त्यात दोन नवीन नातवंडं जोडून परत छापून पाहिजे. पप्पा लगेच म्हणाले फाईल आहे की, दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांना आज तीन आठवडे झाले.

मशीन सुरू होतं पण मदरबोर्डवरचे कंडेन्सर डोक्यावर फुगलेत आणि वीसेक मिनिटांत गपकन बंद पडतं. नुसती फाईल पेनड्राईव्हवर घेऊन उपयोग नाही कारण फॉन्ट युनिकोडच्या आधीचे आहेत, माझ्या लॅपटॉपवर पणजोबांच्या जागी डॉलर, कंस आणि टोपीवाली इंग्रजी अक्षरं दिसतात. सॉफ्टवेअरच्या सीड्या सापडत नाहीत. एका रिपेअरवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला फॉरमॅट मारून देतो, तिथून डिस्क उचलून घरी आलो.

म्हणून ठरवलं की अख्ख्या डिस्कची इमेज (एका फाईलमध्ये हुबेहूब प्रत) काढून व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायची, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स लॅपटॉपच्या आतच जो नकली कॉम्प्युटर बनवतं त्यात. आत्तापर्यंत केलंय ते असं. आयडीई टू यूएसबी केबल आणली (त्याच्यासोबत पॉवरचा वेगळा अडॅप्टर येतो, तो लावल्याशिवाय डिस्क फिरतच नाही, यात माझी एक संध्याकाळ गेली), जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवला आणि लिनक्सवरून इमेज काढायला घेतली. पहिल्यांदा बरोबर ४ जीबीला थांबलं. ज्या एक्सटर्नल डिस्कवर घेत होतो ती फॅट३२ निघाली, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावतच नाही. मग दुसरी एनटीएफएसवाली डिस्क घेतली, कॉपीच्या साध्या डीडी कमांडऐवजी डीडीरेस्क्यू वापरलं, कारण ते खराब जागा सोडून आधी चांगलं तेवढं वाचून घेतं आणि मॅपफाईल ठेवली की मधे थांबलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. शेवटी ९६ केबी सोडून सगळं आलं.

ती रॉ इमेज व्हीबॉक्समॅनेजच्या कन्व्हर्टफ्रॉमरॉ कमांडने व्हीडीआय (व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क फाईल) केली, व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी ३२ बिटचं नवीन मशीन करून जोडली. विंडोजचा लोगो येतो, खालची निळी पट्टी दोनदा सरकते आणि झपकन रीस्टार्ट. एफ८ दाबून ऑटोमॅटिक रीस्टार्ट बंद केलं तेव्हा निळा स्क्रीन वाचता आला, स्टॉप एरर, शेवटी ७बी. इमेजच गंडलीय का? परत काढू का?

प्रतिसाद १:
इमेज ठीक आहे, लोगोपर्यंत आली म्हणजे बूट सेक्टर वगैरे सगळं जागेवर आहे. ७बी म्हणजे विंडोजला स्वतःचीच बूट डिस्क सापडत नाहीये. एक्सपी बूट होताना ज्या कंट्रोलरचा (डिस्क चालवणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर आधी बसवलाय तोच उचलतं. तुमच्या मदरबोर्डचा चिपसेट कुठला? व्हर्च्युअलबॉक्स एक्सपीला इंटेलचा पीआयआयएक्स४ कंट्रोलर दाखवतं.

धागाकर्ता:
व्हाया कंपनीचा.

प्रतिसाद १:
मग झालं, एक्सपीकडे व्हायाचा ड्रायव्हर आहे आणि समोर इंटेलचा कंट्रोलर येतोय. डिस्क परत जुन्या मशीनला लावा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरवर जा, अपडेट ड्रायव्हर, आपोआप शोधू देऊ नका, लिस्टमधून स्वतः 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई कंट्रोलर' निवडा, तो सामान्य ड्रायव्हर दोन्हीकडे चालतो. रीस्टार्ट करू का विचारेल, नाही म्हणा, थेट शटडाऊन करा आणि त्याच अवस्थेत परत इमेज काढा. आणि हो, आत्ताची इमेज खोडू नका, ती रीड ओन्ली करून बाजूला ठेवा.

प्रतिसाद २:
एवढा खटाटोप कशाला, डिस्क२व्हीएचडी म्हणून मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं टूल आहे, चालू विंडोजमधूनच इमेज काढतं.

धागाकर्ता:
@प्रतिसाद २, वाचलं होतं त्याबद्दल, पण डिस्क अर्ध्याहून जास्त भरलीय आणि मशीन तेवढा वेळ दम धरत नाही.

धागाकर्ता (अपडेट):
झालं!! कॅबिनेट उघडं ठेवून समोर टेबल फॅन लावला, ड्रायव्हर बदलायला पाच मिनिटं पण लागली नाहीत, पण मी घाबरून माऊस हलवत होतो. रात्रभर नवीन इमेज, सकाळी व्हर्च्युअलबॉक्समध्ये तो हिरव्या टेकडीचा वॉलपेपर. पप्पांनी चष्मा लावून पहिलं काय बघितलं तर रिसायकल बिन.

आता दोन नवीन गोष्टी. एक, हार्डवेअर बदललंय म्हणून ३ दिवसांत परत ॲक्टिव्हेट करा म्हणतंय. दुसरी जास्त वाईट. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला डोंगल (परवान्याच्या किल्लीसारखा छोटा प्लग) लागतं, ते आहे पण जुन्या प्रिंटर पोर्टचं, २५ पिनांचं, लॅपटॉपला तो पोर्टच नाही. यूएसबी टू पॅरलल केबल चालेल का?

प्रतिसाद १:
ती केबल नका घेऊ, ती प्रिंटरपुरतीच असते, डोंगलला खरा पोर्ट लागतो. पॅरलल पोर्टवाला एखादा डेस्कटॉप मिळाला तर त्यावर लिनक्स टाकून क्यूईमूमधून (हेही व्हर्च्युअलबॉक्ससारखंच) तो पोर्ट व्हर्च्युअल मशीनला देता येतो, तरी डोंगल ओळखेलच याची गॅरंटी नाही. पण जुनी फाईल नुसती उघडायला डोंगल कशाला, फॉन्ट इन्स्टॉल आहेत ना? उघडून बघा. आणि व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बंद ठेवा, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय.

धागाकर्ता (अपडेट २):
बरोबर बोललात, फाईल उघडली, सगळी नावं नीट मराठीत. डोंगल फक्त नवीन टाईप करायला अडतंय. तीन दिवसांचं घड्याळ चालू आहे म्हणून कामाच्या फाईली पीडीएफ करून बाहेर काढतोय, फोल्डरमध्ये 'लग्न फायनल', 'लग्न फायनल फायनल' आणि 'लग्न हीच छापा' अशा तिन्ही निघाल्या.

नातवंडांची नावं कियारा आणि रियांश. मी कॅरेक्टर मॅप शोधत बसलो होतो, तेवढ्यात पप्पांनी माऊस हातातून घेतला, वंशावळीतल्या किसनरावांचा 'कि' कॉपी केला, दयानंदांचा 'या', रामचंद्रांचा 'रा'. मग हरिभाऊंचा 'रि', परत दयानंदांचा 'या', त्यावर आनंदरावांचा टिंब, आणि शंकररावांचा 'श'. पूर्वी खिळे जुळवायचे तसंच, म्हणाले. प्रिंट उद्या टाकतोय.

कराड-सातारा बाजूला कुणाकडे पॅरलल पोर्टवाला चालू डेस्कटॉप पडून असेल तर मात्र कळवा, कारण त्या गिऱ्हाईकाच्या चुलत भावालाही आता त्याची शाखा वाढवून हवीय.