मदत हवी आहे: खो-खोमधला खांबावरचा सूर टेलिफोटो लेन्सने कसा टिपायचा?

नमस्कार मंडळी,

मी एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत शिकवतो. मागच्या आठवड्यात आमच्या मुलींच्या खो-खो सामन्यांचे अडीचशेच्या वर फोटो काढले, कामाचे निघाले अकरा. परतीच्या एसटीत प्रत्येक जण विचारत होती, "सर, माझा सूर आला का?" नेमका तोच फोटो, म्हणजे खांब धरून पळणारीला बाद करायला झेपावतानाचा, माझ्याकडे नाही. फार वाईट वाटलं.

कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर, लेन्स दूरचं जवळ आणणारी ७०-३०० एमएम, एफ/४-५.६ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). मातीचं उघडं मैदान. पंचांना विचारून खांबाच्या मागे साधारण १२ मीटरवर मांडी घालून बसलो होतो.

पळती करणारी मुलगी साखळी घालत, म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळत, निघाली की फोकस तिला सोडून चौकटीत बसलेल्या मुलीवर जातो आणि पुढचे चार-पाच फोटो वाया जातात. सुरांचं तर विचारू नका. लेन्स ३०० वरच होती, त्यामुळे एका फोटोत हात आणि खांब, दुसऱ्यात नुसती वेणी. शटर १/३२० सेकंद, स्टॅबिलायझेशन चालू, तरी हातपाय हललेले. शेवटचा सामना दिवस मावळल्यावर संपला, तेव्हा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ठेवूनही १/२५० च्या वर जाता येईना.

एफ/२.८ ची वापरलेली लेन्स घ्यायला पैसे साठवू, की माझी पद्धतच चुकतेय? पुढचे सामने तीन आठवड्यांनी आहेत.

प्रतिसाद

सर, लेन्सची घाई नको. स्टॅबिलायझेशनने तुमच्या हाताची थरथर थांबते, पळणारी मुलगी नाही. तिच्यासाठी शटर १/१००० हवं, उन्हात ते सहज मिळेल.

३०० एमएमला १२ मीटरवर जेमतेम ९५ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा फ्रेममध्ये येतो. सूर मारलेली मुलगी त्यात मावणार कशी? १३५ च्या आसपास या, दोन मीटर रुंदी मिळेल. थेट खांबामागे न बसता कोपऱ्याकडे सरका, नाहीतर खांब चेहऱ्याच्या आड येतो.

आता खेळाचा नियमच वापरा. एकदा दिशा घेतली की आक्रमक, म्हणजे पाठलाग करणाऱ्या, मुलीला खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. शेवटच्या चौकटीत खो न देता ती पुढे गेली की सूर खांबापाशीच येणार. म्हणून आधीच खांबावर हाताने फोकस लावून ठेवा. १३५ एमएम, एफ/५.६ ला सुमारे दीड मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. ती खांबाला हात घालताना बर्स्ट सोडा, म्हणजे सलग फोटो काढा.

साखळीसाठी मात्र उभे राहा आणि फोकसचा बिंदू पळणारीच्या छातीवर ठेवा, बसलेल्या मुली त्याच्या खाली राहतात. फोकस कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर घेतलात तर कुणी मध्ये आल्यावर अंगठा उचलून फोकस तिथेच थांबवता येतो.

एफ/२.८ म्हणजे एफ/५.६ च्या चौपट प्रकाश, १/२५० चं थेट १/१०००. पण ही गरज तुम्हाला एकाच सामन्यापुरती पडली. त्या दिवसासाठी लेन्स भाड्याने आणा.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल सरावात करून पाहिलं. पाचपैकी तीन सूर मिळाले, खांब धरलेला हात आणि चेहरा दोन्ही स्पष्ट! मुलींनी कॅमेऱ्याभोवती गर्दी केली. लेन्सच्या काचेवर मातीचा थर बसलाय, तो ओरखडे न पडता कशाने काढता?