मदत हवी आहे: खाडीच्या पातळीचे आकडे ऑक या ओळीओळीने फाइल वाचणाऱ्या छोट्या भाषेने गाळून एका मापात कसे आणावेत?

मंडळी, आम्ही दोन ठिकाणी पाण्याची पातळी मोजतोय. एक सेन्सर राजापूरच्या खालच्या अंगाला पुलाखाली, दुसरा खाडीच्या तोंडाकडे जैतापूरच्या धक्क्यावर. दर १० मिनिटांनी नोंद, साधी सीएसव्ही फाइल. पावसात राजापुरात पाणी चढतं त्यात भरतीचा वाटा किती आणि अर्जुना-कोदवली नद्यांचा किती, हे बघायचंय.

दोन्ही रेषा एका आलेखावर येतच नाहीत. एक सेन्सर मिलिमीटरमध्ये, दुसरा सेंटिमीटरमध्ये. पुलाखालचा वरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो, म्हणजे पाणी चढलं की आकडा उतरतो. वीज गेली की -९९९. खालून होडी गेली की एखाद-दुसरी नोंद भलतीकडेच. वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे.

किमान-कमाल धरून ० ते १ मध्ये बसवलं तर एका होडीपायी अख्खी भरती-ओहोटी चेपून जाते. झेड-स्कोअर (सरासरीपासूनचं अंतर भागिले प्रमाण विचलन) काढला तर जुलैचा पूर फाइलीत आला की मे महिन्याचे आकडेही बदलतात! मशीन म्हणजे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, नेट येऊन-जाऊन. त्यामुळे जीऑकमध्येच (ऑकची जीएनयू आवृत्ती) जमवायचंय, पायथन नको.

प्रतिसाद १
आधी गाळणी, मग माप. -९९९ च्या ओळी नुसत्या 'नेक्स्ट'ने (ओळ सोडून पुढे जाणारी आज्ञा) टाकू नका, नाहीतर वीज जाण्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी येऊन बसतील. दोन नोंदींत १० मिनिटांहून जास्त अंतर दिसलं की खिडकी (एकावेळी हाताशी धरलेल्या सलग नोंदी) रिकामी करून नव्याने भरा. खिडकी ५ नोंदींची, उत्तर मध्यकाचं (ए-सॉर्टने चढत्या क्रमात लावून मधली, म्हणजे तिसरी). सरासरी नको, ती होडीला पाचांत वाटून टाकते. भरतीचं चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचं, त्यात ५० मिनिटांच्या खिडकीने माथा फारसा कापला जात नाही. वेळेसाठी एमकेटाइममध्ये (तारीख-वेळेचे सेकंद करणारं फंक्शन) १९८०० सेकंद मिळवा.

प्रतिसाद २
जुने आकडे बदलू नयेत तर सरासरी आणि प्रमाण विचलन कोरड्या दिवसांवरून एकदाच काढून गोठवा. ऑकला दोन फाइली द्या: पहिलीत 'एनआर == एफएनआर' असेपर्यंत (म्हणजे पहिलीच फाइल वाचली जात असेपर्यंत) बेरीज आणि वर्गांची बेरीज, दुसरीत भागाकार. कोरडे दिवस ५९ घ्या, म्हणजे दोन चांद्रमास पुरते होतात आणि उधाण-भांग (मोठ्या आणि लहान भरत्या) सारखी येतात. नुसता उधाणाचा आठवडा धरलात तर विचलन फुगेल. झेड-स्कोअरमध्ये मिलिमीटर-सेंटिमीटरचं भांडण आपोआप मिटतं, पुलाखालच्याचं फक्त चिन्ह उलटवा. मूळ रकाना मात्र ठेवा. पाणी रस्त्यावर येणार का, हे झेड-स्कोअर सांगत नाही.

धागाकर्ता
मध्यक लागू पडला, आभार. आता राजापूर वजा जैतापूर केलं की उरेल ते नदीचं पाणी ना?

प्रतिसाद २
नाही हो. भरती तोंडाशी आधी, वर उशिरा; वजाबाकीत खोट्या लाटा उठतील. राजापूरच्याच नोंदींची १४९ ची सरती सरासरी (खिडकी एकेक नोंद पुढे सरकवत काढलेली) घ्या, म्हणजे भरती पुसली जाऊन मुख्यतः नदीचा चढ उरेल. ते २४ तास ५० मिनिटं होतात, भरतीची दोन चक्रं. २४ तासांची, म्हणजे १४४ ची घेतलीत तर थोडी भरती शिल्लक राहते.