मदत हवी आहे: डीव्हीडी बर्न करताना 'पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर', आणि बर्न झालेल्या डिस्क व्हेरिफायला नापास

नमस्कार मंडळी,

दोन आठवडे झाले, रात्री जेवणं उरकली की लॅपटॉप घेऊन बसते आणि एक-दोन डिस्क वाया घालवून उठते. पन्नासच्या डब्यातल्या अकरा गेल्या. आता अंदाजाने आणखी घालवायच्या नाहीत, म्हणून विचारतेय. मोठं लिहितेय, पण काही राहायला नको.

लॅपटॉपला स्वतःचा डीव्हीडी ड्राइव्ह नाही. यूएसबीला लावायचा पातळ रायटर घेतलाय, तो ८एक्स वेगाच्या वर जात नाही. विंडोज १०, बर्न करायचं सॉफ्टवेअर इमगबर्न २.५.८.०. डिस्क डीव्हीडी-आर, १६एक्स लिहिलेल्या.

बर्न करायची आहेत बाबांच्या नमन मंडळाची (नमन म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य) रेकॉर्डिंग्ज. कॅसेटवरून उतरवलेल्या साठ तासांच्या वेव्ह फाइली, त्याच पस्तीस जीबीच्या वर जातात. शिवाय हॅन्डिकॅमवरचं शिमग्याचं शूटिंग आणि फोटो. एकूण ५६ जीबी. डिस्क गच्च भरून तेरांचा एक संच होतो. असे तीन संच हवेत: एक इथे चिपळूणला, एक भावाकडे डोंबिवलीला, एक आत्याकडे गुहागरला.

अडचणी अशा. बर्न सुरू होऊन मिनिटही होत नाही तोवर 'पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर' येतो. रिट्राय दाबलं की कधी दुसऱ्या-तिसऱ्यांदा चालतं, कधी नाहीच. चार डिस्क तर अर्ध्यात 'राइट एरर' देऊन गेल्या. बाकीच्या सात शंभर टक्क्यांपर्यंत पोचल्या, पण व्हेरिफाय करताना, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासताना, 'एल-ईसी अनकरेक्टेबल एरर', म्हणजे तिथलं वाचताच येत नाही. आणि हे दर वेळी जवळपास एकाच ठिकाणी: एकूण सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) २२ लाख ८५ हजारांच्या आसपास, त्यात १९ लाख ८०-९० हजारांच्या पुढे गेलं की.

लेन्स क्लीनर फिरवून झाला. वेग ४एक्स करून पाहिला. विंडोजच्या स्वतःच्या बर्नरने करून पाहिलं, तेच. रायटर डिव्हाइस मॅनेजरमधून काढून पुन्हा टाकला. आता हात टेकले. रायटरच बदलू का?

प्रतिसाद

ताई, राग मानू नका, पण एवढा खटाटोप कशाला? ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळं मावेल. तीन घ्या, तिघांना द्या, तासाभराचं काम. आता डीव्हीडी ड्राइव्ह असतो तरी कोणाकडे?

धागाकर्ती

राग कसला. पेन ड्राइव्हवर एक प्रत आहेच. पण डिस्कचा हट्ट का, ते सांगते.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत होतं. कपाटातली बॅकअपची हार्ड डिस्क दोन दिवस चिखलात होती, ती गेली ती गेलीच. त्याच कपाटात खालच्या खणात बाबांनी २००८-०९ला करून घेतलेल्या मोझर बेअरच्या एकोणीस डीव्हीडी होत्या. त्या मी आंगणात बादलीत बुडवून धुतल्या, मऊ कापडाने आतून बाहेर सरळ पुसल्या, पंख्याखाली उभ्या करून वाळवल्या. एकोणीसपैकी सतरा पूर्ण वाचल्या गेल्या. कॅसेटा तर चिखलाने चिकटून गेल्या होत्या. आज बाबांचा आवाज जेवढा शिल्लक आहे तो त्या सतरा डिस्कमुळे आणि मंडळातल्या लोकांनी आपापल्या घरच्या कॅसेटा दिल्या म्हणून.

त्यामुळे पेन ड्राइव्ह असू दे, हार्ड डिस्क असू दे, पण डिस्कचा संच हवाच.

प्रतिसाद

पटलं. मी माझं म्हणणं मागे घेतो. आणि तसंही पेन ड्राइव्हमध्ये डेटा विजेच्या भाराच्या रूपात साठवलेला असतो, नुसता खणात टाकून दहा वर्षं ठेवायची ती वस्तू नाहीच.

प्रतिसाद

ताई, रायटर बदलायची घाई करू नका. तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळे बिघाड दिसताहेत. एकेक धरू या.

पॉवर कॅलिब्रेशन म्हणजे काय, तर बर्न सुरू करण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या अगदी आतल्या कडेला राखून ठेवलेल्या जागेत थोडंसं लिहून बघतो आणि या डिस्कच्या रंगद्रव्याला लेसरचा किती जोर लागेल ते ठरवतो. हा अंदाज जमला नाही की तुमचा एरर येतो. त्याची नेहमीची कारणं तीन: डिस्क खराब, लेसर थकलेला, किंवा ड्राइव्हला वीज कमी पडतेय. लेसर थकलेला असता तर रिट्राय केल्यावर असं मधूनच बहुधा चाललं नसतं. मला विजेचा संशय आहे.

रायटर नक्की कुठे लावलाय? थेट लॅपटॉपला की मध्ये काही आहे? रायटरच्या केबलला एक पिन आहे की दोन?

धागाकर्ती

मध्ये हब आहे, एका पोर्टची चार करणारा, त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर नाही. लॅपटॉपला दोनच यूएसबी, त्यातलं एक सैल झालंय. त्यामुळे हबवर माउस, कीबोर्ड, ज्या हार्ड डिस्कवरून फाइली घेते ती, आणि हा रायटर. केबलला दोन पिना आहेत, दुसरी मी मोकळीच सोडली होती. ती जादाची असेल असं वाटलं.

प्रतिसाद

सापडलं! ती जादाची नाही, तीच महत्त्वाची आहे.

यूएसबी २.०चं एक पोर्ट ५०० मिलिअँपियर देतं, यूएसबी ३.०चं ९००. पातळ रायटर नुसतं वाचताना यात भागवतो. पण बर्न सुरू होताना मोटर वेग घेते आणि लेसर लिहिण्याच्या जोरावर जातो, हे दोन्ही एकदम. त्या क्षणाला बऱ्याच रायटरना एक अँपियरच्या आसपास किंवा वर लागतं. तुमच्या हबला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नाही, म्हणजे एका पोर्टची वीज चौघांत वाटली जातेय आणि त्यात एक फिरणारी हार्ड डिस्क. म्हणूनच वाचताना कधी तक्रार नाही आणि लिहिताना दर वेळी.

असं करा. ज्या डिस्कला जे जायचं ते आधी लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर कॉपी करा. इमगबर्नमध्येच त्याची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, बनवून ठेवा. मग हार्ड डिस्क काढून टाका, रायटर थेट लॅपटॉपच्या चांगल्या पोर्टला लावा आणि दुसरी पिन मोबाइलच्या पाच व्होल्टच्या चार्जरमध्ये घाला. लॅपटॉप बॅटरीवर चालवू नका. आणि वेग अगदी खाली नेऊ नका. जितकं हळू तितकं चांगलं, हे जुन्या सीडीच्या काळातलं आहे. १६एक्सच्या डिस्कसाठी ड्राइव्ह ४एक्स ते ८एक्समध्येच नीट लिहितो.

धागाकर्ती

काल रात्री तुम्ही सांगितलं तसंच केलं. सलग चार डिस्क, कॅलिब्रेशनचा एरर एकदाही नाही, अर्ध्यात एकही तुटली नाही! दोन आठवड्यांत पहिल्यांदा असं झालं. तुमचे आभार कसे मानू.

पण व्हेरिफायचं दुखणं तसंच. चारपैकी तीन पुन्हा १९ लाख ७० हजारांच्या पुढे अडकल्या. चौथी पास झाली, का ते कळत नाही.

प्रतिसाद

मी मध्ये बोलतो. सांगलीला माझा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता, बारा-तेरा वर्षं रोज डीव्हीडी काढल्या.

ताई, डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. शेवटचे सेक्टर म्हणजे बाहेरची कड. दर वेळी कडेलाच अडकतंय, म्हणजे लेसरला तिथे डिस्क सपाट मिळत नाहीये. आधी एवढं बघा: नापास झालेली डिस्क शेजाऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर पूर्ण कॉपी होते का? झाली तर तुमचा ड्राइव्ह वाचायला कमी पडतोय, नाही झाली तर लिहितानाच बिघडलंय. दुसरं, डिस्क डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा आणि चकचकीत बाजूवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. सरळ रेघ कडेला वाकलेली दिसते का?

आणि एक विचारायचं राहिलं. डब्यातून काढल्यावर डिस्क जशीच्या तशी घालता की त्यावर काही करता?

धागाकर्ती

शेजारच्या डेस्कटॉपवरही तिथेच अडकते.

ट्यूबलाइटची रेघ पाहिली. कडेला खरंच वाकलीय, वाटीच्या काठासारखी. आणि तुमचा शेवटचा प्रश्न वाचून धस्स झालं. मुलीने हौसेने गोल स्टिकर छापलेत, त्यावर बाबांचा संकासुराच्या वेशातला फोटो आणि डिस्कचा नंबर. नंतर गडबड नको म्हणून मी आदल्या दिवशीच सगळ्यांवर चिकटवून ठेवते. जी चौथी डिस्क पास झाली तिच्यावर स्टिकर नव्हता, आठाचा स्टिकर फाटला होता.

प्रतिसाद

मग तेच. आमच्याकडेही सुरुवातीला गिऱ्हाईक स्टिकरचाच आग्रह धरायचं, आणि सहा महिन्यांनी शेवटची वीस मिनिटं, म्हणजे नेमकं वऱ्हाड निघताना, अडकतं म्हणून डिस्क परत यायच्या.

डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, लिहायचा थर मध्ये. वर कागद लावला की तो तुमच्या कोकणातल्या हवेत ओल पितो, सुकतो, आखडतो, आणि डिस्कला एका बाजूने ओढतो. कड उचलली जाते आणि लेसरचा किरण तिरका पडतो. मध्यभागी ते चालून जातं, कडेला नाही. शिवाय स्टिकर केसभर जरी सरकलेला असला तरी वेगात फिरताना डिस्क थरथरते.

लावलेले स्टिकर ओढून काढू नका, डिस्क वाकेल आणि दोन चकत्यांमधला जोड सुटेल. त्या डिस्क बाजूला ठेवा. उरलेल्यांवर सीडी-डीव्हीडीसाठी मिळतो त्या पाण्याच्या शाईच्या मार्करने नंबर लिहा, तोही मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर. मुलीचे फोटो वाया जात नाहीत, ते डबीच्या आतल्या कागदावर लावा. आणि डिस्क काठोकाठ भरू नका. विंडोज जिथे ४.३७ जीबी दाखवतं तिथे ४ जीबीवर थांबा. तेराऐवजी चौदा होतील, होऊ देत.

धागाकर्ती

तेच करते. दरम्यान आणखी एक गोष्ट दिसली. पास झालेल्या आठव्या डिस्कवर फाइलींची नावं तुटलीत. मूळ नाव असं: '२००३ शिमगा सहाणेवरचं नमन - गण, गौळण, संकासूर आणि वग - कॅसेट ३ बाजू अ'. डिस्कवर ते 'कॅसेट'पाशीच तुटतं, शेवटच्या अक्षरांच्या जागी कसलेतरी आकडे. तिसरी कॅसेट की चौथी, अ बाजू की ब, काहीच कळत नाही.

प्रतिसाद

फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली आणि नावं मांडायच्या पद्धतीत, 'आयएसओ ९६६० + जोलिएट' निवडलंय का? जोलिएटमध्ये नावाला ६४ अक्षरांची मर्यादा असते, त्यात शेवटचं टिंब आणि एक्स्टेन्शनही धरलं जातं. आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळं वेगवेगळं मोजलं जातं. आपल्याला 'श्री' हे एक अक्षर, कॉम्प्युटरला चार. तुमचं नाव मोजलं, 'कॅसेट' आणि त्यापुढची मोकळी जागा धरून बरोबर साठ भरतात. उरलेल्या चारांत टिंब आणि वेव्हची तीन अक्षरं. म्हणून तिथेच तुटतं.

त्याऐवजी यूडीएफ ही पद्धत निवडा, त्यात देवनागरीला सव्वाशेच्या आसपास मिळतात. तरी माझं मत असं की नाव छोटं ठेवा आणि ओळखायची खूण आधी आणा: '२००३-क३-अ सहाणेवरचं नमन'. बाकी तपशील एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ती प्रत्येक डिस्कवर टाका. त्यातच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेला ओळख-आकडा, तोही ठेवा. दोन-तीन वर्षांनी डिस्क तपासताना फाइल जशीच्या तशी आहे का, ते त्यावरून कळेल.

धागाकर्ती

आज रविवारी सकाळपासून बसले होते. नावं बदलली, याद्या केल्या. यादी करताना मंडळातल्या दोन काकांना फोन लावून विचारलं, कुठल्या कॅसेटमध्ये मृदंगावर कोण आहे. तेही टेक्स्ट फाइलमध्ये घातलं.

आत्तापर्यंत बारा डिस्क झाल्या. स्टिकर नाही, ६एक्स, दुसरी पिन चार्जरला. अकरा व्हेरिफायला पास, शेजारच्या डेस्कटॉपवरही पूर्ण कॉपी झाल्या, हॅश जुळले. सातवी मात्र १४ लाखांच्या आसपास अडकली. बारकाईने पाहिलं तर तिथे अंगठ्याचा ठसा दिसला. बर्न करण्याआधीच लागला असणार, कारण पुसला तरी फरक पडला नाही. आता डिस्क भोकात बोट घालून आणि कडेनेच उचलते.

सातवी पुन्हा करतेय, मागोमाग तेरा आणि चौदा. भाऊ बुधवारी येतोय, त्याच्या संचासाठी नवा डबा आणायला त्यालाच सांगितलंय, इथे बाजारात मिळाला नाही. स्टुडिओवाले दादा, डोंबिवली-कल्याणकडे डिस्क घेताना डब्यावर काय बघायचं, तेवढं त्याच्यासाठी सांगाल का?

प्रतिसाद

सांगतो की. डब्याचं प्लास्टिकचं वेष्टन फुटलेलं नको आणि दुकानाच्या उन्हातल्या काचेतला डबा नको. आधी पाच सुट्या घ्यायच्या, घरी एक काठोकाठ भरून व्हेरिफाय करायची, मग त्याच दुकानातून त्याच डब्याच्या बाकीच्या. इमगबर्नमध्ये डिस्क घातली की डिस्कच्या माहितीत एक कोड दिसतो, डिस्क नक्की कोणी बनवली त्याचा. चाललेल्या डिस्कचा लिहून ठेवा. एकाच नावाच्या डब्यात पुढच्या वेळी वेगळ्याच कारखान्याचा माल असू शकतो, म्हणून नावापेक्षा त्या कोडवर विश्वास ठेवा.

आणि सातवी झाली की इथे कळवा.

धागाकर्ती

सातवी झाली. पास. कोड वहीत लिहून घेतलाय.