विषय: सिल्व्हर फॉल्स – शनिवारी आरव्ही हलवायची की नाही??

ताई (सहल समिती):
मंडळी, ओरेगनच्या सिल्व्हर फॉल्स पार्कच्या सहलीचं हे आजच ठरवायचंय. नाना म्हणतायत शनिवारी सकाळी आरव्ही (आपली राहायची गाडी) घेऊन नॉर्थ फॉल्स धबधब्याला जाऊ. माझं म्हणणं, आरव्ही हलवायचीच नाही. कॅम्पग्राउंडवरनं साउथ फॉल्सपर्यंत पायवाट आहे, तिथनं लूप, म्हणजे धबधब्यांची गोल फेरी, सुरू करू. कोणाची हरकत असेल तर रात्रीपर्यंत सांगा, निघायच्या वेळी नको. मागच्या वेळचं सगळ्यांच्या लक्षात असेलच.

नाना:
ताई, "जाऊ" असं मी म्हणालो नाही, पर्याय मांडला होता. टेन फॉल्सचा पूर्ण लूप ७.२ मैल, वर कॅम्पग्राउंडपासनं जाणं-येणं वेगळं, माईंना आणि बारक्या पोरांना झेपणारे का? नॉर्थ फॉल्स पार्किंगच्या जवळच आहे, १३६ फुटांचा. तो बघून गाडीनं साउथ फॉल्स, १७७ फूट. दोन्हींच्या मागनं चालत जाता येतं, अजून काय पाहिजे?

अण्णा:
आरव्ही माझी आहे म्हणून बोलतो. "जरा पलीकडे नेऊ" म्हणजे काय ते ऐका. आतलं सगळं आवरायचं, सिंकजवळचे कप उचलायचे, कपाटांच्या कड्या लावायच्या, बाहेर सरकवलेला भाग (स्लाइड-आउट) आत, जॅक वर, पाण्याचा होज काढायचा, खांबावरचा ब्रेकर बंद करायचा आणि मगच वायर उपसायची, अँटेना खाली आहे का बघायचं, आणि मागे कोणीतरी उभं राहून असे हातवारे करणार की आरशात मला फक्त कोपर दिसतं. परत आल्यावर हेच सगळं उलटं, शिवाय लेव्हलिंग. तिथे साइटवर वीज-पाणी आहे, सीवरचं कनेक्शन नाही, म्हणजे सांडपाण्याची ग्रे टँक अर्धी भरलेली घेऊन वळणं घ्यायची. आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी पार्किंगमध्ये एवढं धूड लावणार कुठे? गाडी हलणार नाही.

वहिनी:
अण्णा, ब्रेकर आधी की वायर आधी यावरनं आमच्या घरात अबोला झाला होता, ही मेल मी प्रिंट काढून ह्यांना देणारे 😄 आम्ही ज्यांच्याकडनं आरव्ही भाड्यानं घेतली त्यांनी चावी दिली आणि टाटा केलं. बरं, मोतीला आणलं तर चालेल ना?

ताई:
दरीतल्या कॅनियन ट्रेलवर कुत्री चालत नाहीत, पट्टा असला तरीही. वरच्या कडेनं जाणाऱ्या रिम ट्रेलवर पट्ट्यानं चालतात, पण तिथनं धबधब्यांच्या मागे जाता येत नाही. हे सहलीच्या मेलमध्ये लिहिलं होतं.

वहिनी:
मग मी आणि मोती रिमवर. ह्यांना तुम्ही घेऊन जा, सावकाश आणलं तरी चालेल.

दादा:
साउथ फॉल्सवरनं १९२८ मध्ये आल फॉसेट नावाच्या माणसानं तिकीट लावून कनू (छोटी होडी) खाली सोडली होती, स्वतः आत बसून. जबर लागलं पण वाचला. पोरांना हे सांगू नका, कठड्यावर चढतील. त्यांना नॉर्थ फॉल्सच्या मागची गुहा दाखवा, छतात उभी गोल भोकं आहेत, लाव्ह्यात गाडल्या गेलेल्या झाडांचे ते साचे. मान वर करून बघितली नाहीत तर कळतही नाहीत.

नाना:
म्हणजे नॉर्थ फॉल्सला जायलाच पाहिजे, मी तेच म्हणत होतो.

ताई:
नाना, जायचं नाही असं कोणी म्हटलंच नाही. चालणारे पूर्ण लूप करतील, वाटेत नॉर्थ फॉल्स आहेच. बाकीच्यांनी मेपल रिजवरनं छोटा लूप करावा, अडीच-पावणेतीन मैल, साउथ आणि लोअर साउथ दोन्ही मिळतात. लोअर साउथला पायऱ्या भरपूर आहेत, माईंनी साउथपाशीच थांबलेलं बरं. विंटर फॉल्ससाठी कोणी हट्ट करू नका, उन्हाळ्यात तिथे नुसती धार असते.

माई:
माझ्या गुडघ्यांवर सगळ्यांनी चर्चा केलीत, मला विचारलं कोणीच नाही. मला नॉर्थ फॉल्सची ती भोकं बघायची आहेत. कारनं कोणी सोडेल का?

अण्णा:
कार कोण आणतंय?

नाना:
मी. पण ती सायकलींसाठी आहे, मागे रॅक लावणारे, त्यामुळे मोजली नव्हती.

अण्णा:
नाना!!

ताई:
ठरलं. माई आणि पोरं नानांच्या कारमध्ये, सायकली कॅम्पग्राउंडवर उतरवून ठेवा. कॅम्पिंगची पावती डॅशबोर्डवर ठेवली की डे-यूजचा (दिवसापुरत्या पार्किंगचा) वेगळा परमिट लागत नाही. फक्त दिवसापुरते येणाऱ्यांनी आपापला काढा, मंडळाच्या खर्चात धरू नका. खाली दरीत फोन लागेलच असं नाही, म्हणून भेटायचं ते साउथ फॉल्सच्या लॉजसमोर.

नाना:
लॉजसमोर म्हणजे कुठल्या बाजूला?