छंदाच्या वाटेने आलेली बातमी : तुमचे अनुभव लिहा

जुनं पाकीट :

मंडळी, दिवसभर मथळे वाचल्याने जगाची समज वाढते हे मला काही केल्या पटत नाही. सकाळी ज्या बातमीवरून आपण तावातावाने भांडतो, ती संध्याकाळी कुणाला आठवतही नाही. पण छंदाच्या नादात एखादी घडामोड हाती लागली, की ती सुटत नाही. तिचं मागचं-पुढचं आपण स्वतःहून खणत बसतो. म्हणून माझं सरळ मत : बातम्यांच्या मागे धावू नये, एखादा छंद घट्ट धरावा. ज्या बातम्या कळायला हव्यात त्या आपल्या पायांनी तिथे येतात. हे टपालाची तिकिटं जमवणाऱ्या एका वेड्याचं मत आहे, तेव्हा त्यातला वेडाचा भाग तुम्ही वजा करालच.

महागाईवर रोजच बोललं जातं, पण चलन कोसळतं म्हणजे काय होतं ते मला १९२३ सालच्या जर्मन तिकिटांनी दाखवलं. टपालाचे दर इतक्या वेगाने चढत होते की नवी तिकिटं छापून होईस्तोवर ती अपुरी पडायची. मग जुन्याच तिकिटांवर नवे आकडे छापायचे. आधी हजारांत, मग लाखांत, मग कोटींत. सगळ्यात वरचं तिकीट ५० अब्ज मार्कांचं! आणि त्याच वर्षी डिसेंबरात, नवं चलन आल्यावर, पुन्हा ३, ५, १० असे पोरसवदा आकडे. ही सगळी तिकिटं अल्बमच्या एका पानावर ओळीने लावा, व्याख्यानाची गरज नाही.

त्यातली गंमत सांगतो. एरवी बहुतेक तिकीट कोरं असलं की महाग आणि शिक्का मारलेलं स्वस्त. इथे पुष्कळदा उलटं. कोरी तिकिटं ढिगाने उरली, कारण बरीचशी थोडक्या दिवसांतच निरुपयोगी झाली. खरोखर पत्रावर लागून गेलेली मिळणं कठीण. मग काय, कोऱ्या तिकिटांवर मागाहून खोटे शिक्के मारणारेही निघाले. जाणकाराने शिक्का तपासल्याशिवाय अशी तिकिटं घेऊ नका, हे जाता जाता.

दुसरी बातमी अगदी अलीकडची. डेन्मार्कच्या टपालखात्याने २०२५ च्या शेवटी पत्रं वाटणं बंद केलं. १६२४ पासून चाललेली सेवा होती ती. रस्त्यांवरच्या लाल पेट्याही काढल्या. पत्रं पाठवायचीच तर आता खासगी कंपनीकडून. बहुतेकांनी ही बातमी ‘काळ बदलला’ म्हणून पुढे सरकवली असेल. माझ्या ओळखीच्या तिकीटवाल्यांत मात्र यावर अजून खल चालू आहे : शासनाने तिकीट छापलं पण ते लावून पत्रच जाणार नसेल, तर त्याला तिकीट म्हणायचं की नुसतं चित्र?

आता तुमची पाळी. छंद कोणता, घडामोड कोणती, आणि छंदामुळे तुम्हाला इतरांपेक्षा काय वेगळं दिसलं ते लिहा. पक्षांची धुणी इथे नकोत. त्यासाठी जग मोकळं आहे.

अँटेनावाला :

मी हॅम रेडिओवाला, म्हणजे घरच्या सेटवरून दूरदूरच्या लोकांशी बोलणारा हौशी. १० मे २०२४ ची रात्र आठवते का? सूर्यावर डागांचा एक अवाढव्य समूह होता, त्यातून लागोपाठ स्फोट झाले आणि पृथ्वीवर जबरदस्त चुंबकीय वादळ आलं. ऑक्टोबर २००३ नंतर इतक्या वरच्या श्रेणीचं वादळ आलं नव्हतं. एरवी ध्रुवांजवळ दिसणारा प्रकाश फार खालच्या अक्षांशांवरही दिसला. सगळ्यांचे मोबाइल गुलाबी-जांभळ्या आभाळाच्या फोटोंनी भरून गेले.

माझ्या कानात मात्र सन्नाटा. लघुलहरी लांब जातात त्या वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरांवर आदळून परत खाली येतात म्हणून. ते थरच बिघडले, तर नुसती खरखर. आधी वाटलं अँटेनाची वायर सुटली असेल, पण रिसीव्हर बदलला तरी तेच. बँडच्या बँड (लहरींचे पट्टे) गप्प. जग फोटो काढतंय आणि मी डायल फिरवतोय!

पण सूर्याच्या याच मिजाशीवर आमची चैनही चालते. साधारण ११ वर्षांनी सूर्य असा भरात येतो, आणि तेव्हा १० मीटरच्या बँडवर अगदी किरकोळ ताकदीच्या सेटवरूनही दुसऱ्या खंडातल्या माणसाशी बोलता येतं. उतरतीच्या वर्षांत हाच बँड महिनोन्‌महिने ओस. उत्तरेकडचे काही हॅम तर वादळातही हात धुऊन घेतात. ते सिग्नल चक्क ध्रुवप्रकाशावर आदळवून परत घेतात. त्यातून येणारा मोर्स (टिंबं-रेघांचा सांकेतिक संदेश) स्वच्छ टुंटुं करत नाही, घसा बसल्यासारखा घोगरा येतो. त्याचं रेकॉर्डिंग मी परत परत ऐकलंय.

त्या आठवड्यात काही देशांत उपग्रहाच्या आधाराने चालणाऱ्या ट्रॅक्टरांची दिशा चुकत होती आणि ऐन पेरणी थांबली, ही बातमी फारशी कुणी वाचली नाही. ती माझ्यासाठी फोटोंपेक्षा मोठी होती.

जुनं पाकीट :

ट्रॅक्टरांचं माहीत नव्हतं. याच्यासाठीच धागा काढला.

नकाशातली पायवाट :

मी ओपनस्ट्रीटमॅपवर नकाशे काढते. हा नकाशा २००४ साली सुरू झाला, आणि कुणीही त्यात भर घालू शकतं. फावल्या वेळात गल्लीबोळ, पाण्याचे नळ, बसथांबे टाकणं हा माझा मूळ उद्योग.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळात भूकंप झाला. टीव्हीवर त्याच दोन-चार कोसळलेल्या इमारती फिरवून फिरवून दाखवत होते. आमच्याकडे वेगळंच चाललं होतं. मदत करणाऱ्या पथकांना डोंगरातली वस्ती कुठे आहे, तिथे जायची वाट कोणती, हेलिकॉप्टर उतरेल एवढी मोकळी जागा कुठे आहे हे हवं होतं, आणि कित्येक गावं नकाशात मुळात नव्हतीच. हैतीत जानेवारी २०१० मध्येही असंच झालं होतं. बाधित भाग चौकोनांत वाटलेला असतो. आपण एक चौकोन उचलायचा, उपग्रहाच्या चित्रावर घरांच्या कडा आणि वाटा आखायच्या, आणि आखून झालं की दुसरं कुणी ते तपासतं.

यात डोळा तयार होतो. सावली कुठल्या बाजूला पडली त्यावरून छप्पर आणि नुसतं खळं वेगळं ओळखता येतं. गोल दिसतं ते प्रत्येक वेळी झोपडी नसते, गवताची गंजी असू शकते. झाडांखाली गडप झालेली पायवाट पुढे कुठे तरी पुन्हा डोकं काढते, तेव्हा मधला भाग अंदाजाने जोडायचा की सोडायचा यावर आमच्यात कडाक्याचे वाद आहेत. मी सोडणाऱ्यांतली. संकटात सापडलेल्या माणसाला नसलेली वाट दाखवण्यापेक्षा कोरा नकाशा बरा.

मी आखलेल्या वाटेवरून कुणी गेलं का, हे मला कधीच कळत नाही. ‘मग उपयोग काय?’ असं घरचे विचारतात. माझ्याकडे उत्तर नाही, आणि मला ते हवंही नाही. मात्र तेव्हापासून भूकंपाची बातमी आली की मी मृतांच्या आकड्याआधी ठिकाणाचं नाव बघते आणि नकाशा उघडते. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तान-सीरियाच्या वेळीही तेच केलं.

साशंक :

थोडं आगाऊपणाने विचारतो. चुकीच्या जागी घर आखलं तर?

नकाशातली पायवाट :

तपासणीत बरंचसं सापडतं, सगळं नाही. सगळ्यात नडतं ते चित्रच थोडं सरकलेलं असणं. डोंगराळ भागात हमखास. म्हणून आखायला बसण्यापूर्वी चित्र आधीच्या खात्रीच्या रस्त्याशी जुळवून घ्यायचं. नवे लोक नेमके इथेच घाई करतात.

उलटसुलट :

मी विणते. तापमानाचा स्कार्फ ही कल्पना माहीत नसेल तर : वर्षाच्या सुरुवातीला रंग ठरवायचे, अमुक ते अमुक अंशांना निळा, त्यावर हिरवा, मग पिवळा, केशरी, लाल. रोज त्या दिवसाच्या कमाल तापमानाच्या रंगाच्या दोन ओळी विणायच्या. वर्षअखेरीला आख्खं वर्ष गळ्यात.

मी २०२४ चा स्कार्फ विणला, आणि जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार ते तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. औद्योगिक युगाआधीच्या सरासरीपेक्षा साधारण १.५५ अंशांनी जास्त. आता लगेच ‘स्कार्फमध्ये तापमानवाढ दिसली’ असं मी म्हणणार नाही. एका ठिकाणचं एक वर्ष म्हणजे हवा, हवामान नव्हे. पण १.५५ हा आकडा मी पूर्वी ऐकला असता तर ‘एवढंच?’ म्हटलं असतं. रोजचे चढउतार हाताने विणल्यावर कळतं, की दिवसादिवसांत दहा अंशांचा फरक सहज पडतो आणि वर्षाच्या सरासरीत तो सगळा विरून जातो. ती सरासरी, तीही अख्ख्या पृथ्वीची, दीड अंशाने सरकायची म्हणजे किती दिवस किती जागी वर गेले असतील!

करणाऱ्यांसाठी सूचना : लाल लोकर जास्त आणून ठेवा, नंतर तीच छटा मिळत नाही. आणि धाग्यांच्या शेपट्या रोजच्या रोज आत ओवा. वर्षाच्या शेवटी करू म्हणाल तर स्कार्फ पडून राहील.

प्यादं पुढे :

१२ डिसेंबर २०२४. बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव, सिंगापूर. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण गतविजेता डिंग लिरेन डाव बरोबरीत सोडवणार असं सगळे धरून चाललेले. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ-२ या घरात नेला आणि पडद्यावरचा इंजिनचा पट्टा (कोण वरचढ आहे हे संगणक ज्यावर दाखवतो तो) धाडकन एका बाजूला गेला. समालोचक ओरडले. गुकेशला कळायला काही क्षण लागले. हत्ती मारामारीत गेले, मग कोपऱ्यात अडकलेल्या उंटाला उंट भिडवला, आणि उरलेला राजा-प्याद्यांचा डाव काळ्याने जिंकलेला. अठरा वर्षांचा विश्वविजेता.

नंतर जो तो म्हणत होता, ‘एवढी साधी चूक!’ अहो, साधी पट्टा बघणाऱ्याला. मी तो डाव पट्टा झाकून बघत होतो, मला अजिबात दिसली नाही. सगळ्यांना माझी शिफारस : मोठा सामना एकदा तरी पट्टा बंद करून बघा. आणि हो, इतर बातम्यांतही असा एक पट्टा असतो. निकाल माहीत झाल्यावर खेळ्या तपासणारे तज्ज्ञ मी तेव्हापासून ऐकत नाही.

रात्रपाळी :

दुर्बीण. १ जुलै २०२५ ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला एक धूमकेतू सापडला. असा पाहुणा आपल्याला सापडण्याची ही तिसरीच वेळ, आधीचे २०१७ आणि २०१९ मधले. इतकी सुंदर गोष्ट, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर काय आलं? परग्रहवासीयांचं यान! डिसेंबरात तो पृथ्वीपासून सर्वांत जवळ होता तेव्हाही अंतर साधारण २७ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्यापेक्षाही लांब. मी एवढा एकच आकडा टाकत राहिलो. यान थांबलं नाही, निदान मला फोन येणं थांबलं.

घडी :

जरा विरोधी सूर. मी ओरिगामी करते, आणि बातमी तिथे येऊ नये म्हणूनच करते. कागदाचा एक चौकोन, कात्री नाही, डिंक नाही, मत नाही. तुम्ही सगळे छंदातही जग घेऊन बसलात. छंदाने काही शिकवलंच पाहिजे हा आग्रह कशाला? मला काहीही न शिकवणारा छंद हवाय.

रात्रपाळी :

घडी, तुमच्या भावनांचा आदर आहे, पण मिउरा नावाची एक घडी आहे. दोन कोपरे ओढले की आख्खा कागद एकदम उघडतो. १९९५ मध्ये एका जपानी उपग्रहाचं सौर पॅनेल त्याच घडीने अवकाशात उघडलं होतं.

घडी :

झालं समाधान? आता ती घडी घालायला बसले की मला उपग्रह दिसणार. (शोधली. पहिल्यांदा घालताना कागद फाटला. जरा जाड घ्यावा का? कुणी घातली असेल तर सांगा.)

उलटसुलट :

जाड नको. पातळ पण कडक घ्या, आणि आडव्या घड्या आधी नखाने पक्क्या करा. नागमोडी घड्या तिरक्या येतात तिथे घाई केली की फाटतो.