मनोरुग्ण भावाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि आईनंतरचे निवृत्तिवेतन

प्रश्न (कळवेकर): माझ्या धाकट्या भावाला महाविद्यालयात असल्यापासून स्किझोफ्रेनिया आहे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून उपचार नियमित चालू आहेत, परंतु कुठलीही नोकरी टिकत नाही. वडील राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले होते. त्यांच्या पश्चात आईला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावर घर चालते आणि आई आता थकली आहे. तिच्यानंतर हे वेतन भावाला मिळू शकेल का, आणि त्यासाठी आताच काय करून ठेवावे? नातेवाईक म्हणतात, नॅशनल ट्रस्टकडून (काही विशिष्ट दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) पालकत्व घे आणि सगळे पैसे तुझ्या खात्यात वळव. मला ते पटत नाही, कारण तो वाण्याकडून सामान आणतो, उरलेले सुटे पैसे मोजून आईच्या हातात ठेवतो. मात्र प्रमाणपत्राचा विषय काढला की तो गप्प होतो.

ऐरोलीकर: ताई, पहिले काम प्रमाणपत्राचे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा स्पष्ट समावेश असून बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करावा, म्हणजे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांचे काम एकत्रच होते. मानसिक आजाराचे मोजमाप ‘आयडियाज’ या पद्धतीने होते. तीत स्वतःची निगा, माणसांशी वागणे, संवाद व समज आणि कामधंदा या चार बाबी पाहतात, शिवाय आजार किती वर्षांचा आहे हेही धरतात. आमच्या घरी असे झाले की माझा मुलगा त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला ‘मी सगळे करतो’ असे उत्तर देत राहिला. तो खोटे बोलत नव्हता, त्या दिवशी त्याने खरोखरच सगळे केले होते! म्हणून आंघोळीसाठी किती वेळा सांगावे लागते, किती दिवस तो खोलीबाहेर येत नाही, कोणती कामे का सुटली, हे घरच्यांनी आधी लिहून न्यावे आणि जुने केसपेपर जोडावेत. प्रमाणपत्र मुदतीचे मिळाले, तर नूतनीकरण मुदत संपण्यापूर्वीच सुरू करावे.

निवृत्त लेखा कर्मचारी: मनोविकारामुळे उपजीविका करण्यास असमर्थ असलेल्या अपत्याला वयाची अट न लावता हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधील नियम 116 मध्ये आहे आणि ते पालकामार्फत दिले जाते. येथे केवळ टक्केवारी पुरत नाही. तो कमावू शकत नाही, असे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. माझे आग्रहाचे सांगणे एवढेच की हा अर्ज आईच्या हयातीत, तिच्या सहीने, वडील ज्या कार्यालयातून निवृत्त झाले तेथे द्यावा आणि पालक म्हणून तुमचे नाव तिच्याकडूनच लेखी द्यावे. आई गेल्यावर हीच कागदपत्रे जमवताना घराचे उत्पन्न बंद झालेले असते आणि भावाची औषधे मात्र थांबवता येत नाहीत.

कळवेकर: मनापासून आभार. नॅशनल ट्रस्टचे काय? आणि तोवर संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येईल का?

वाशीतील एक पालक: नॅशनल ट्रस्टचा 1999 चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे, केवळ स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तीचे पालकत्व तेथून मिळत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, पैशांवर त्याचा अधिकार नाही. 2016 च्या कायद्याच्या कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्व आहे, पण ते ठरावीक निर्णयांसाठी, ठरावीक काळापुरते आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून वापरायचे असते. जो माणूस सुटे पैसे चोख मोजतो, त्याच्यासाठी आजच न्यायालयात जाण्याची गरज मला दिसत नाही.

संजय गांधी योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून दरमहा 2500 रुपये मिळतात, परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. आईचे निवृत्तिवेतन धरता तुम्ही बहुधा त्यात बसणार नाही. कमी उत्पन्नाचा दाखला ‘करून देतो’ म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. त्याऐवजी महापालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या योजनांची चौकशी करा. तुम्ही त्याचा खर्च करत असाल आणि जुनी करप्रणाली निवडली असेल, तर आयकरात दिव्यांग अवलंबितासाठी (1961 च्या आयकर कायद्यात कलम 80 डीडी) 75,000 रुपयांची, तीव्र दिव्यांगत्व असल्यास 1,25,000 रुपयांची वजावटही मिळते.

आता भावाबद्दल. खाते त्याच्याच नावाचे, आधारशी जोडलेले असावे. माझ्या मुलीचे पासबुक तिच्याच कप्प्यात असते आणि नोंदी आम्ही दोघी मिळून वाचतो. भावालाही सांगा की प्रमाणपत्र त्याच्याच हक्कासाठी आहे आणि ते कुठे दाखवायचे हे तोच ठरवील. वेतन सुरू झाले, की नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यालाही बरोबर न्या.